बोरिवली ते चर्चगेट, सेकंड क्लासचा पास: सहा महिने वापरून

मी सांगलीची. इंजिनीअरिंगचं शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिपचं होतं, जानेवारी ते जून, कंपनी मिळाली लोअर परळला आणि राहायला बोरिवलीला आत्याकडे. लोक मुंबईत आले की हॉटेलांचे रिव्ह्यू टाकतात, पीजीचे टाकतात, मी पासाचा टाकतेय, कारण ह्या सहा महिन्यांत मी जे काही विकत घेतलं (त्यात ऑफिससाठी म्हणून घेतलेले शूज पण आले ज्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या दोन्ही टाचा सोलल्या) त्यातली पैसे वसूल झालेली वस्तू एकच, लोकलचा पास.

आणि नुसता पास नाही, चर्चगेटपर्यंतचा पास. हे महत्त्वाचं आहे कारण पहिल्या महिन्यात मी चुकीचा काढला होता.

झालं असं की पहिल्या दिवशी बोरिवलीच्या खिडकीवर लाइनीत उभी, आधारचा नंबर हातात, मागे किमान वीस माणसं आणि सगळ्यांनाच आत्ता येणारी गाडी पकडायची होती. खिडकीमागच्या काकांनी विचारलं कुठून कुठे, मी म्हटलं बोरिवली ते लोअर परळ. ऑफिस तिथे, घर इथे, मधला रस्ता विकत घ्यायचा, इतका सरळ हिशोब. घरी येऊन मोठ्या कौतुकाने आत्याला दाखवला तर तिने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "लोअर परळपर्यंतच? अगं वेडी आहेस का, मग संध्याकाळी खाली जाऊन बसून येणार कशी?"

मला तेव्हा ह्या वाक्यातलं काहीही कळलं नाही. खाली म्हणजे कुठे आणि बसून म्हणजे काय.

आत्याने आयुष्यभर फोर्टमध्ये नोकरी केली, बोरिवली ते चर्चगेट. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, अख्खी गाडीच बायकांची, तेव्हापासून ती त्या गाडीची. तिच्या मैत्रिणी अजूनही "गाडीतल्या" आणि "बिल्डिंगमधल्या" अशा दोन गटांत आहेत आणि लग्नाला आधी गाडीतल्यांना बोलावलं जातं. त्यामुळे पासाच्या बाबतीत तिचं ऐकायला हवं होतं, पण मी पास काढून झाल्यावर दाखवला ना, आधी विचारलं असतं तर.

आता ज्यांना लोकल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. (मुंबईकरांनी हा पॅरा सोडला तरी चालेल, तुम्हाला हसूच येईल.) पास महिन्याचा, तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा असा मिळतो आणि एकदम जास्त महिन्यांचा काढला तर थोडा स्वस्त पडतो. पासावर जी दोन स्टेशनं छापलेली असतात त्यांच्यामध्ये तुम्ही कितीही वेळा जा, कुठेही उतरा, परत चढा, कोणी विचारत नाही. एसी लोकलमध्ये तो चालत नाही, तिचा पास वेगळा आणि महाग. फर्स्ट क्लासचा पण वेगळा, तो सेकंडच्या कितीतरी पट. कॉलेजचं कन्सेशन आपल्याला लागू होईल ह्या भ्रमात राहू नका, ते घर ते कॉलेज ह्या प्रवासाला असतं आणि माझं कॉलेज तिकडे सांगलीला. पण पूर्ण पैशांचा पास सुद्धा एवढा स्वस्त आहे की मला आधी वाटलं काकांनी एक शून्य कमी लावलं. जुलै २०२५ मध्ये लांबच्या गाड्यांचे दर वाढवले तेव्हा पण लोकलचं तिकीट आणि पास तसाच ठेवला होता.

आणि मुख्य गोष्ट, बोरिवली ते लोअर परळ काय किंवा बोरिवली ते चर्चगेट काय, किमतीत सांगण्यासारखा फरक नाही. मी उगाच लोअर परळला थांबले.

तर "खाली जाऊन बसून येणे" म्हणजे काय. लोअर परळला फास्ट गाडी थांबत नाही. सकाळी मी बोरिवलीहून फास्ट पकडून दादरला उतरायचे आणि मग स्लोने दोन स्टेशनं, प्रभादेवी आणि लोअर परळ. ते जमतं कारण बोरिवलीहून सुटणारी गाडी रिकामी मिळते (विरारहून आलेली पकडायला जाऊ नका, ती आधीच भरलेली असते आणि आतल्या बायका तुमच्याकडे असं बघतात की तुम्ही त्यांच्या हॉलमध्ये चप्पल घालून शिरलात). संध्याकाळी साडेसहाला मात्र लोअर परळला उभं राहून उत्तरेकडे जाणाऱ्या स्लोमध्ये चढणं हा जो प्रकार आहे तो मी पहिल्या आठवड्यात चार दिवस केला. तीन गाड्या सोडायच्या, चौथीत अर्धं शरीर आत, बॅग पुढे छातीवर, तोंड कोणाच्या तरी केसांत, आणि बोरिवली यायला वेळ असताना मागून आवाज सुरू, "बोरिवली उतरना है क्या? उतरना है क्या?" उतरायचंच होतं, पण पाय कुठे आहेत ते मला माहीत नव्हतं.

उपाय असा की उलट्या दिशेची चर्चगेट स्लो पकडायची. ती त्या वेळेला बऱ्यापैकी मोकळी असते. चर्चगेटला जायचं, तीच गाडी नाहीतर शेजारच्या फलाटावरची पकडायची आणि बसून यायचं. आख्खी मुंबई हे करते. वेळ जास्त लागतो पण बसायला मिळतं, आणि आठ तास एक्सेलच्या शीटमधले लाल रकाने हिरवे करून आलेल्या माणसाला बसायला मिळणं म्हणजे काय ते मी सांगत नाही. पण पास लोअर परळपर्यंतचा असेल तर हे सगळं विनातिकीट. त्यामुळे पहिला महिनाभर मी रोज दहा रुपयांचं रिटर्न तिकीट काढून खाली जायचे. दहा रुपये काहीच नाहीत, पण ती तिकिटाची लाइन! एकदा लाइनीत उभी असताना माझ्यासमोरून तीन रिकाम्या चर्चगेट गेल्या. दुसऱ्या महिन्यात सरळ चर्चगेटचा, तीन महिन्यांचा काढला.

कागदी घेतला. मोबाइल ॲपवर पण निघतो, ऑफिसमधले सगळे तोच वापरतात आणि मला म्हातारी म्हणतात, पण माझा फोन दुपारी चारनंतर चार्जरशिवाय जगत नाही. स्टेशनच्या जिन्याजवळ पासाचं प्लास्टिकचं कव्हर मिळतं ते घ्या. माझा पास दोन पावसांत वाचला तो त्यामुळेच.

एक दंड भरलाय, तोही सांगून टाकते. तिसऱ्याच दिवशी दादरला घाईत डब्यात चढले आणि आत एवढी मोकळी जागा बघून मनात म्हटलं वा, आज नशीब जोरात. सीटपण जरा गुबगुबीत. पुढच्या स्टेशनला टीसी मॅडम आल्या, माझा पास बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नवीन आहेस का?" लेडीज फर्स्ट क्लासमध्ये बसले होते. अडीचशे रुपये दंड आणि वर भाड्यातला फरक. चूक शंभर टक्के माझी, डब्याच्या बाहेर तिरके पट्टे असतात आणि चक्क लिहिलेलं पण असतं. मॅडमनी पावती देताना सांगितलं, "पट्टे बघून चढत जा, आणि घरी नको सांगूस, ओरडतील." घरी सांगितलं. आत्या आठवडाभर हसत होती.

हा झाला पासाचा उपयोग. आता खरी मजा, म्हणजे ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

लोअर परळच्या पुढे सहा स्टेशनं आहेत. महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, चर्नी रोड, मरीन लाइन्स, चर्चगेट. रोज संध्याकाळी बसून यायचं म्हणून खाली जात होते तर ही सहा नावं दोन वेळा समोरून जायची, एकदा जाताना एकदा येताना, आणि पास खिशात. मग एके दिवशी उतरले. काहीच लागत नाही ना त्याला. तिकीट नाही, प्लॅन नाही, आवडलं नाही तर दहा मिनिटांत पुढची गाडी. सांगलीत कुठे जायचं तर आधी गाडीत पेट्रोल आहे का बघा, मैत्रिणीला फोन करा, घरी सांगा कधी येणार. इथे दरवाजा उघडाच असतो आणि मी उतरते, बास.

पहिल्यांदा उतरले महालक्ष्मीला. स्टेशनबाहेरच्या पुलावरून धोबीघाट दिसतो, १८९० चा, सिमेंटच्या हौदांच्या रांगा आणि वर दोऱ्यांवर कपडे. तिथे परदेशी लोक फोटो काढत असतात. मी पण काढला पण खरं सांगायचं तर मला सगळ्यात आवडलं ते हे की एका दोरीवर ओळीने फक्त हिरवे कपडे होते, हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरचे असतात तसे, शंभर तरी असतील, आणि मध्येच एक लहान बाळाचं पिवळं झबलं. ते तिथे कसं आलं हा प्रश्न मला अजून पडतो.

मुंबई सेंट्रलला एकदाच उतरले आणि तेही झोपेत, ग्रँट रोड समजून. तिथलं मराठा मंदिर थिएटर प्रसिद्ध आहे, ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ हा एकच पिक्चर १९९५ पासून लागतो म्हणे, बाहेरून पोस्टर बघितलं आणि परत आले.

ग्रँट रोडहून दोन रस्ते. एक चोर बाजारचा, जिथे मी जुन्या पितळी कड्या-कोयंड्यांच्या दुकानात अर्धा तास घालवून शेवटी काहीच न घेता निघाले आणि दुकानदार चाचा म्हणाले "बेटा देखने का पैसा नहीं लगता". दुसरा मणिभवनचा. गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथे उतरायचे. लॅबर्नम रोडवरचं लाकडी सज्जांचं घर, वरच्या मजल्यावर त्यांची खोली काचेपलीकडे, गादी, चरखे, बास. मी ऑफिसातून लवकर सुटलेल्या एका दिवशी गेले होते. बाहेर आल्यावर रस्ता इतका शांत की ही मुंबईच का असं वाटतं, झाडं आहेत चक्क.

चर्नी रोड. इथे जरा थांबते कारण मी पण इथेच सगळ्यात जास्त थांबले.

पुलावरून एका बाजूला गेलात तर गिरगाव चौपाटी आणि दुसऱ्या बाजूला गिरगाव. सगळे चौपाटीकडे जातात. तुम्ही दुसरीकडे जा. मी मुंबईत तीन महिने होते तोवर ऑफिसमध्ये हिंदी, गाडीत हिंदी, रिक्षात हिंदी, आत्याच्या बिल्डिंगमध्ये अर्धी गुजराती, आणि मग गिरगावात शिरले तर किराणावाला, भाजीवाली, गॅलरीतून खाली पिशवी सोडणारी आजी सगळे मराठीत भांडत होते. इतकं बरं वाटलं. विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाल्ली. सांगलीकर म्हणून सांगते, आमच्यासारखी ती नाही, तर्री बघून घाम येत नाही, पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं ही काय मिसळ, आजारी माणसाला द्यायची. दुसऱ्या वेळी आवडली. तिसऱ्या वेळी मी सांगलीच्या मैत्रिणीला फोन करून सांगत होते की तिखट म्हणजेच मिसळ असं काही नसतं, आणि तिने फोन ठेवला. पणशीकरांकडे साबुदाणा वडा आणि पियुष. पियुष आमच्याकडे पण मिळतं पण इथलं घट्ट, केशरी, ग्लासच्या कडेला चिकटून राहणारं, ते संपवायला चमचा मागावा लागतो.

मग खोताची वाडी. मुख्य रस्त्यावरून एक बोळ आत वळतो आणि एकदम आवाज बंद होतो. लाकडी घरं, बाहेरून जिने, रंगीत सज्जे, क्रॉस, कुंड्या. जुनी घरं थोडीच उरली आहेत आणि त्यांच्या डोक्यावरून टॉवर डोकावतात. तिथे लोक राहतात हे लक्षात ठेवा, माझ्यासमोर एक जण कोणाच्या तरी दारात बसून पोज देत होता आणि आतून एक आजी आल्या, त्यांच्या हातात चहाचा कप, त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. तो उठला. मी पण फोन खिशात टाकला. जवळच केशवजी नाईकांच्या चाळी आहेत, टिळकांच्या हाकेनंतर १८९३ मध्ये मुंबईतला सार्वजनिक गणपती पहिल्यांदा बसला तो तिथे. मी गेले तेव्हा अंगणात कोणीतरी पापड वाळत घातले होते.

गुढीपाडव्याला आत्याला घेऊन गेले गिरगावच्या शोभायात्रेला. ती फोर्टात एवढी वर्षं नोकरीला होती पण पाडव्याला कधी गेली नव्हती, सुट्टीच्या दिवशी परत तीच गाडी कोण पकडणार म्हणायची. नऊवारी नेसून, नथ घालून, गॉगल लावून बुलेटवर बसलेल्या बायका बघून आत्या म्हणाली, "मला पण शिकायची होती गाडी." मी म्हटलं शीक ना आता. तर म्हणाली आता पास संपलाय माझा. रिटायर झाल्यापासून ती तिकीट काढून फिरते आणि तिला ते फार लागतं.

मरीन लाइन्सला धोबीतलावचा कयानी. १९०४ चा इराणी कॅफे, मेट्रो थिएटरच्या समोर. लाकडी खुर्च्या, चौकटीच्या कापडाची टेबलं, काचेच्या बरण्यांमध्ये बिस्किटं. बन मस्का आणि चहा. बन मस्क्याबद्दल एवढंच सांगते की बनच्या कापलेल्या बाजूवर लोणी नुसतं लावलेलं नसतं, भरलेलं असतं, चहात बुडवलं की वर तेलाचा तवंग येतो आणि तो तवंगच प्यायचा असतो. मावा केक बांधून घ्या, आत्यासाठी म्हणून घेतलेले मी गाडीत खाल्ले. दोनदा.

मरीन लाइन्सहून समुद्र पण अगदी जवळ. आणि एक गोष्ट जी मला चौथ्या महिन्यात कळली: चर्चगेटला जाताना उजव्या हाताच्या खिडकीशी बसा. चर्नी रोड सुटलं की जिमखान्यांची मैदानं लागतात आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. काही सेकंदच. मे महिन्यात साडेसहा-पावणेसातला सूर्य नेमका तिथे खाली आलेला असतो आणि डब्यातल्या सगळ्या बायकांचे चेहरे एकदम नारिंगी होतात, मोबाइलमध्ये घुसलेल्यांचे पण. कोणी वर बघत नाही. मी सुरुवातीला फोटो काढायचे, सगळे खिडकीच्या गजांचे आले.

चर्चगेटला तर काय, उतरलं की सगळंच. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला राजाबाई टॉवर, हायकोर्ट, दगडी गॉथिक, आणि दुसऱ्या बाजूला गोल गोल बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगी, आणि मधे टेनिस बॉल क्रिकेटच्या एकमेकांत घुसलेल्या दहा मॅचेस. हे सगळं मिळून २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मैदानातल्या पोरांना त्याचं काही नाही, एकाने मारलेला बॉल माझ्या पायाशी आला, मी फेकला तो भलत्याच मॅचमध्ये गेला. चालत पुढे जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ ची, आत जायला पैसे लागत नाहीत आणि एसी आहे. एप्रिलमध्ये मी कलेची फार मोठी रसिक झाले होते. काळा घोडा फेस्टिव्हल जानेवारी-फेब्रुवारीत असतो तेव्हा मात्र तिथे मुंगीला जागा नसते, मी एकदा गेले, गर्दी लोकलसारखीच होती फक्त लोक जास्त छान कपड्यांत.

आणि के रुस्तम. ब्रेबॉर्न स्टेडियमखालचं छोटंसं दुकान, १९५३ चं. आइस्क्रीमची जाड लादी, दोन्ही बाजूंना पातळ कुरकुरीत वेफर, कागदात गुंडाळून हातात. ह्याला तंत्र आहे. पहिल्यांदा मी मधोमध चावले, मागून आइस्क्रीम सरळ बाहेर आणि कुर्त्यावर. कडेने गोल फिरत खायचं, म्हणजे वितळणारा भाग आधी तोंडात जातो आणि मधला टणक राहतो, आणि हे सगळं दुकानाच्या बाहेर उभं राहून, कारण मरीन ड्राइव्हपर्यंत न्यायचा बेत केलात तर मे महिन्यात पोचेपर्यंत हातात नुसता ओला वेफर राहतो. पहिला स्टायपेंड झाला तेव्हा मी एकटीने दोन खाल्ले. तो स्टायपेंड उशिरा झाला होता बरं का, फेब्रुवारीचा पैसा एप्रिलमध्ये, एचआरला विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे". कंपनीचं नाव घेत नाही, सर्टिफिकेट अजून हातात यायचंय. पण सांगायचा मुद्दा असा की ते दोन महिने माझ्याकडे पैसे जवळजवळ नव्हते आणि तरी मी मुंबईत फिरत होते, कारण फिरायचे पैसे आधीच भरून झाले होते.

कमी पण सांगायला हव्यात नाहीतर म्हणाल हिला कोणी पैसे दिले. गर्दी हीच कमी, आणि ती पासाने सुटत नाही. चर्चगेटला बसून येणं पण काही फुकट नाही, गाडी फलाटाला लागतानाच आत उड्या पडतात आणि मी सहा महिन्यांत ते शिकले नाही, जमलं पण नाही आणि करू पण नका, चालत्या गाडीत. बसून आलेल्यांवर चर्चगेटला उभ्या असलेल्यांचा राग असतो तो वेगळा, "ये सब नीचे से बैठके आती हैं" हे मी रोज ऐकलं आणि त्यांचं बरोबरच आहे. मी एका ताईंशी समेट केला होता, अंधेरीपर्यंत मी बसायचे मग त्या, त्यांना कांदिवलीला उतरायचं असायचं. नाव अजून माहीत नाही. वटपौर्णिमेला त्यांनी मला डब्यातून आंबा दिला कापलेला.

मेट्रोवाले मित्र म्हणतील की आता ॲक्वा लाइन आहे, आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर जमिनीखालून, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, एसी, धक्काबुक्की नाही. गेले मी तिने, गिरगावला पण उतरले. छान आहे, स्वच्छ आहे, शूज सुद्धा टोचले नाहीत. पण एका फेरीला अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये, म्हणजे प्रत्येक वेळी उतरायचं का नाही ह्याचा आधी विचार आला, आणि खिडकीतून बघायला काळी भिंत. ज्याला वेळेवर पोचायचंय त्याने मेट्रो घ्यावी. मला संध्याकाळी कुठेच पोचायचं नसायचं.

मैत्रिणी विचारतात इंटर्नशिपमध्ये काय शिकलीस, तर मी एक्सेलचं सांगते. ऑफिस जुन्या गिरणीच्या आवारात होतं, चिमणी अजून उभी आहे आणि तिच्याखाली सॅलड विकणारं कॅफे. आत्याचे सासरे अशाच एका गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर परत कामावर गेलेच नाहीत. आत्याने एकदा विचारलं, सॅलड केवढ्याला? मी सांगितलं. ती म्हणाली तेवढ्यात तुझा अख्ख्या महिन्याचा पास येतो गं. नंतर मी ते सॅलड खाल्लं नाही, डबा न्यायला लागले.

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो लोअर परळला फास्ट थांबत नाही म्हणून, हे पासाच्या हातात नाही हे मला माहीत आहे. ज्या कोणाची इंटर्नशिप दादर, परळ, प्रभादेवी भागात असेल त्यांनी खिडकीवर ऑफिसचं स्टेशन सांगू नका, चर्चगेट म्हणा.

इंटर्नशिप शुक्रवारी संपली. सांगलीची गाडी पुढच्या रविवारची आहे आणि पास त्याच्यापुढे पण चार दिवस शिल्लक राहतो. दुसऱ्या कोणाला देता येत नाही, तो ज्याच्या नावाचा त्याचाच, नाहीतर आत्यालाच दिला असता. उद्या तिच्यासाठी तिकीट काढणार आहे आणि दोघी चर्नी रोडला उतरणार आहोत, तिला पणशीकरांकडचं पियुष हवंय. जाताना उजवीकडची खिडकी तिला, असं ठरलंय, रुळांच्या कामाचा मेगाब्लॉक नसला तर.